मागचा डावा खांदा

गुरुवार, २ जानेवारी

बाबा दिवसभरात किती पाणी पितात ते रोज लिहून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी मुद्रितं तपासतो त्या प्रेसमध्ये गेल्या वर्षीच्या उरलेल्या डायऱ्या पडून होत्या. मालक म्हणाले, घेऊन जा एक. वार जुळत नाहीत, ते खोडून मी वर नीट अक्षरात लिहितो. पण पाण्याची नोंद एका ओळीत संपते आणि खाली अख्खं पान उरतं. तसं रिकामं पान मला बघवत नाही, म्हणून बाकीचंही लिहायचं ठरवलं.

दिवाळीत साखरेपायी बाबांच्या उजव्या पायाचा पंजा काढावा लागला. डिसेंबरात किडन्यांनी काम सोडलं. आता दर सोमवारी आणि गुरुवारी रत्नागिरीत डायलिसिस. पाणी अंगात साचतं, म्हणून मोजूनच द्यायचं. रिक्षा खालच्या सडकेपर्यंतच येते आणि आमचं घर पाखाडीच्या अगदी वरच्या टोकाला. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून बाबांना डोलीतून उतरवावं लागतं. डोली म्हणजे आमची हातांची लाकडी खुर्ची आणि तिच्या दोन बाजूंना बांधलेले दोन लांब बांबू. चार टोकांना चार माणसं.

आज चौघेही वेळेवर आले. उन्मेष तर सगळ्यांच्या आधी. बालवाडीपासूनचा मित्र, आता वडिलांच्या आंब्याच्या बागा बघतो. त्यानेच मोबाइलवर ‘दत्ताकाका मदत’ असा ग्रुप काढला आणि वाडीतल्या सगळ्या मुलांना घेतलं. त्याने लिहिलं, “काका आपले सगळ्यांचे आहेत, देवू एकटा नाही.” ते वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा दीपक, मोबाइलच्या दुकानात असतो. तिसरा रघू, त्याची स्वतःची रिक्षा आहे, खाली आणून उभी करतो आणि वर येतो. चौथा शिवा. शिवा चिरेखाणीत कामाला जातो. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो ग्रुपवर नाही, त्याच्याकडे बटणांचा फोन आहे.

मी बांबू धरत नाही. माझी उंची कमी, माझ्या कोपऱ्यात डोली कलते, हे पहिल्याच दिवशी दिसलं. शिवाय फाइल, कुबडी, पाण्याची बाटली कोणीतरी सांभाळायला हवी. मी पुढे राहून पायऱ्यांवरचे सुटे खडे बाजूला करतो.

खाली पोचल्यावर शिवा म्हणाला, “काका, घाबरू नका. आताच खांदा द्यायची घाई नाय आमाला. हा नुसता सराव.”

आजारी माणसापुढे असं बोलतात का? बाबा मात्र हसले. खोकला येईपर्यंत हसले.

रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाले, “मागचा डावा लागत नाही रे.”

मी विचारलं, काय लागत नाही? त्यांनी डोळे मिटून घेतले. मागे डाव्या बाजूला उन्मेष होता. चौघेही नीट चालत होते, मी स्वतः बघत होतो. डायलिसिसमुळे बाबांचं कधी कधी असं होतं.

पाणी: तीन पेले.


सोमवार, ६ जानेवारी

रघू आला नाही. गुरुवारीच सांगून गेला होता, “सोमवारचं माझं धरू नकोस देवू. बाजाराचं भाडं बांधलेलं हाय. गुरुवारी मी हाय.” म्हणजे माणूस आजारी पडला तरी याचं भाडं आधी. उन्मेष असं कधी बोलत नाही. तो म्हणतो, “तू फक्त हाक मार.”

रघूच्या जागी उन्मेषने बागेतला गडी आणला. उन्मेष स्वतः मागे डावीकडे. उतरून झाल्यावर त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. शिवाच्या खांद्यावर मात्र लाल वळ उठतो. त्याला बहुतेक नीट धरता येत नाही.

पाणी: तीन पेले आणि औषधाबरोबर दोन घोट.


मंगळवार, १४ जानेवारी

आज उन्मेष तिळगूळ द्यायला आला आणि असं काही बोलला की दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. एका पत्रिकेत मुलीकडचं आडनाव मुलाकडे छापलं जाणार होतं, थोडक्यात वाचलं.

सडकेला लागून त्यांची बाग आहे, तिथे फाटकापाशी एक पक्की खोली आहे. उन्मेष म्हणाला, “काकी, होळीच्या आत तुम्ही खाली राहायला या. डोलीबिली बंद. रिक्षा दारात लागेल.” आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो गेल्यावर तिने जुन्या साडीचा पडदा काढून मापला, म्हणाली खिडकी एकच असेल तर पुरेल.

बाबांनी विचारलं, “शिवा नाही आला तिळगूळ घ्यायला?”

मी म्हटलं, तो कशाला येईल? संध्याकाळी आला. खाणीतून थेट, अंगभर तांबडी धूळ. बाबांच्या खाटेपाशी जमिनीवर बसला आणि दोघं शिमग्याच्या गोष्टी करत बसले. गावच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा मान आहे. बाबांनी तो इतकी वर्षं सांभाळला की उजव्या खांद्यावर त्यांना घट्टा पडला आहे. बाबा म्हणत होते, पालखीखाली दाटी सगळ्यांची असते. हात लावणारे पुष्कळ, पण ओझं कोण उचलतो ते खालच्या माणसाला बरोबर कळतं.

शिवा म्हणाला, “आणि वर बसलेल्याला?”

बाबा म्हणाले, “त्याला तर आधी कळतं.”

मला हे बोलणं जरा लांबल्यासारखं वाटलं. बाबांना विश्रांती हवी होती.


गुरुवार, ३० जानेवारी

उतरताना रघू, शिवा, दीपक आणि शेजारचे एक काका होते. उन्मेषचा निरोप आला, फवारणी चालू आहे. फवारणी पुढे ढकलता येत नाही, मोहोर गळतो, हे मला माहीत आहे.

परत आलो तेव्हा दुपार झाली होती. डायलिसिसनंतर बाबांची मान उभी राहत नाही. दीपकला दुकानात जायचं होतं, काका जेवायला गेले होते. खाली आम्ही तिघं आणि डोली. चढण उतरणीपेक्षा कठीण. शिवा म्हणाला, “देवू, धर तू.” मी म्हटलं, चढताना कलली तर बाबा मागे पडतील.

तेवढ्यात एसटी थांबली आणि सुहास उतरला. सुहास माझ्या वर्गात होता, दहावीपर्यंत. आता कंडक्टर आहे. मंडणगडची वस्तीची गाडी त्याच्याकडे असते, म्हणजे रात्र तिकडे काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत. त्याचं घर खाली बौद्धवाडीत, सडकेलाच. दोनदा हाक मारावी लागली नाही, एकदाही नाही. खाकी शर्ट काढून पिशवीत ठेवला, बनियनवर मागच्या डाव्या बाजूला लागला. रघू आणि शिवा पुढे. मागे उजवीकडे कोणीच नाही, तर सुहास मधोमध आला आणि दोन्ही बांबू दोन्ही खांद्यांवर घेतले. मी बाबांची मान धरली.

वर आल्यावर आईने सगळ्यांना चहा केला. रघूला आणि शिवाला नेहमीचे स्टीलचे कप, सुहासला कागदी कप. घरात कागदी कप आहेत हे मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलमधून उरलेले असतील. सुहासने चहा पटकन संपवला, कप चुरगळून खिशात घातला. कचरासुद्धा टाकला नाही, फार व्यवस्थित मुलगा आहे.

बाबा नंतर म्हणाले, “एकट्याने दोघांचं उचललं त्या पोराने.”

पाणी: दोन पेले. चहा घेतला नाही.


सोमवार, १० फेब्रुवारी

दीपकला कल्याणला नोकरी लागली. काल गेला. जाताना भेटायला वेळ मिळाला नाही असं त्याने ग्रुपवर लिहिलं आणि हात जोडले. त्याचं खरंच चांगलं झालं. मी अभिनंदन लिहिलं. ‘अभिनंदन’ लिहिल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसलो.

आज उन्मेषचा गडी, शिवा, सुहास आणि शेजारचे काका. सुहासला रात्रीच्या गाडीवर जायचं होतं, म्हणून सकाळी मोकळा होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्यांच्या वाडीतल्या माणसाला सारखं कसं सांगायचं, बरं दिसत नाही. शिवाने सांगितलं असावं.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज सुट्टी. आई म्हणाली, जरा बाहेर पडून ये, दिवसभर तोंड पाडून बसतोस. बाबा झोपले होते.

सायकलने पूल ओलांडून भाट्याला गेलो. सुरूच्या झाडांपाशी सायकल लावली. किनाऱ्यावर आमच्या वाडीचीच मुलं क्रिकेट खेळत होती. ओहोटी होती, वाळू घट्ट, पीच आखलेलं. उन्मेष बॉलिंग करत होता. गाडी शेजारी उभी, दारं उघडी, गाणी लागलेली. आधी दर रविवारी मला फोन यायचा. मी खेळत नाही, धावफलक लिहितो. मी लिहिलेल्या धावफलकावर कधी भांडण होत नाही, असं उन्मेषच म्हणायचा.

त्यांना वाटलं असेल, याच्या घरी आजारपण, याला कशाला बोलवा. तसंच असणार.

मी झाडामागून थोडा वेळ पाहिलं. एक चौकार गेला, त्याची नोंद कोणी केली नाही. हाक मारावी असं दोनदा वाटलं. मग सायकल काढली. पुलावर वारा समोरून होता, म्हणून उशीर झाला.

घरी आलो तर बाबा जागे होते. त्यांनी विचारलं, “कोण भेटलं?” मी म्हटलं, ओळखीचं कोणी नव्हतं.


सोमवार, १७ फेब्रुवारी

आज जाणं झालं नाही.

काल संध्याकाळीच मी ग्रुपवर नीट लिहिलं होतं, वेळ, ठिकाण, चार माणसं लागतील, सगळं. पुष्कळ अंगठे आले. सकाळी फक्त शिवा आला. सुहास मंडणगडला. रघूचा सोमवार. शेजारचे काका मुलीकडे गेलेले. उन्मेषचा फोन लागला नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. डायलिसिसची वेळ टळून गेली तशी आईने बाबांच्या अंगावरची शाल काढून घडी घातली.

शिवा ओरडला माझ्यावर. “मेल्या, अंगठे मोजत बसतोस. पायऱ्या उतर, दारात जा, कडी वाजव. ज्याला नाय यायचं तो तोंडावर नाय म्हणेल, मग दुसरा बघता येतो. अंगठ्याचं काय करणार?”

मी म्हटलं, असं दारात जाऊन लोकांना अडचणीत टाकणं मला जमत नाही.

“त्यांना अडचण, का तुला?”

बाबा म्हणाले, “राहू दे रे. एक दिवसाने काय होतंय. बरं वाटतं घरी.” त्यांचा आवाज खरंच बरा वाटला. मला तेच भयंकर वाटलं.

पाणी: एक पेला. मी त्याहून जास्त देऊ शकलो नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहाटे बाबांना धाप लागली. आडवं होता येईना. मी ग्रुपवर लिहायला फोन घेतला आणि आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, “शिवाकडे पळ.”

शिवाने बाबांना पाठीवर घेतलं. पोत्यासारखं नाही, लहान मूल घेतात तसं. सगळी पाखाडी एकट्याने उतरला. मी पुढे खडे बाजूला करत होतो. खडे नव्हतेच, कालच मी पाखाडी झाडून ठेवली होती.

डॉक्टर रागावले. पाणी छातीत साचलं होतं. आणखी एकदा चुकवलंत तर मी काही सांगू शकत नाही, असं म्हणाले. हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पण बाबांचं दाराकडे लक्ष होतं.


गुरुवार, २० फेब्रुवारी

रघू वेळेवर. गुरुवार आहे.

परत आल्यावर सुहास मला बाजूला घेऊन म्हणाला, “आमच्या घराची मागची खोली रिकामी आहे. भाऊ मुंबईला असतो, तो मे महिन्यात पण येणार नाही. वेगळं दार आहे, मोरी आहे. रिक्षा अंगणात येते. काका बरे होईपर्यंत राहा.”

मी त्याचे आभार मानले आणि उन्मेषच्या खोलीचं सांगितलं. तो म्हणाला, “मिळाली का चावी?” मी म्हटलं, होळीच्या आत मिळेल. तो हसला नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटलं तोंडाचं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, “बघू.” मग म्हणाली, “लोक काय म्हणतील? शिमग्याला पालखी घरोघर येते, ती कुठे येणार मग आपल्याकडे? तिकडे का येते?” हे मात्र खरं आहे. पालखी त्या वाडीत जात नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. पूर्वीपासून तसंच आहे.

बाबा एवढंच म्हणाले, “शालन आहे ना त्याची आई? आपल्याकडे भात लावायला यायची. मागच्या दारी जेवायची.” आई आत गेली.

म्हणजे ओळख जुनी आहे. पण उन्मेषची खोली मिळणारच आहे, उगाच दोघांना कशाला गुंतवायचं.


शनिवार, १ मार्च

उन्मेषच्या बागेत जाऊन आलो. त्याला आठवण करून द्यायला नाही, फक्त खिडकीचं माप घ्यायला.

खोलीत लाकडी खोकी छतापर्यंत रचलेली होती. एका कोपऱ्यात राखणदारांची अंथरुणं. त्यातला एक भात शिजवत होता. म्हणाला, “जून तक हम लोग इधर है. सेठने बोला है.”

उन्मेष तिकडेच होता, कलमाखाली. मला बघून पुढे आला, खांद्यावर हात टाकला. “काका कसे आहेत? रोज मनात येतं यायचं. पण खरं सांगू का देवू, काकांना असं बघवत नाही रे मला.” मी म्हटलं, हो, मला पण. मग तो म्हणाला, “खोलीचं लक्षात आहे माझ्या. सीझन आटपला की पहिली तुमची.”

सीझन जूनमध्ये आटपतो. कदाचित होळी असं तो म्हणाला नसेल, आम्हीच ऐकलं असेल. पण आईने पडदा शिवून ठेवला आहे.

माप घेतलं. खिडकी एकच आहे.


सोमवार, १० मार्च

येत्या गुरुवारी होळी. सकाळी वाडीतले सगळे होळीचा माड आणायला जाणार. माड तोडून खांद्यावरून नाचवत आणतात, तेव्हा घरातला एकूण एक गडी तिकडे असतो. नंतर पालखी. त्या दिवशी डोलीला माणूस मिळणं कठीण.

गावकीतले दोघे येऊन बाबांना म्हणाले, “दत्ताभाऊ, यंदा मान देवू सांभाळेल ना? पुढचा उजवा खांदा तुमचा, तो रिकामा ठेवता येत नाही.” मी डायलिसिसचं सांगितलं. एक जण म्हणाला, “देवाच्या दिवशी एक वेळ चुकली तर देव काय बघत नाही होय?”

ते गेल्यावर बाबा म्हणाले, “गुरुवारी राहू दे आपलं.”

मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्ही ऐकलंत.

“ऐकलं. म्हणूनच म्हणतो. किती दिवस चार घरांच्या तोंडाकडे बघायचं? माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर किती बसणार?” मग कुशीवर वळले. कुशीवर वळताना पंजा नसलेला पाय हलला नाही, तो मी उचलून ठेवला.

ग्रुपवर लिहून बघितलं. अंगठे कमी आले, हात जोडलेले जास्त.

पाणी: एक पेला. मागितलंच नाही.


बुधवार, १२ मार्च

आज प्रेसमधून लवकर निघालो आणि बौद्धवाडीत गेलो. सडकेवरून रोज जातो, आत कधी गेलो नव्हतो. पहिलंच घर त्यांचं. कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. मग शिवा जे ओरडला होता ते आठवलं.

सुहास अंगणात स्कूटर धूत होता. मी सगळं एका दमात सांगितलं.

तो म्हणाला, “म्हणजे तुमची सगळी माणसं पालखीला गेली, आणि ज्यांना पालखीत घेत नाही ती मोकळी आहेत. बरोबर शोधलंस.”

मी म्हटलं, तसं नाही.

“तसंच आहे. असू दे. उद्या माझी ड्युटी आहे, बदलून घेतो. पण देवू, हे फक्त होळीपुरतं नको. मी अर्ध्या वाटेवर रोज दिसतो तुला. हाक मारायला तोंड नाही तुला? आजपर्यंत मी आपणहून आलो, किंवा शिवाने सांगितलं म्हणून आलो. तू एकदाही नाही.”

स्कूटरचं पाणी माझ्या चपलांखालून वाहत होतं, मी पाय उचलला नाही.

शालनकाकी चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, “घे. आमच्याकडं कागदी कप नाहीत हो.”

मी म्हटलं, “स्टीलचा चालेल, काकी.”

सुहासने नळ बंद केला. मग काकीच हसल्या, पण छान नाही. म्हणाल्या, “खोलीचं सुहास बोलला होता, तेव्हा तुम्हाला नको होती. अजून हाय तशीच. पण आधी तुझ्या आईला विचार. मोरीतलं पिंप एकच हाय, पाणी त्यातूनच घ्यायचं. वेगळी भांडी, वेगळं पिंप मांडायचं असेल तर वरच राहा. या वयात मला परत ते बघायचं नाय.”

पाखाडी चढताना अर्ध्यावर बसलो. दमलो नव्हतो.

घरी आल्यावर आईला विचारलं, ते कागदी कप कुठून आले? ती भांडी घासत होती. घासतच राहिली. एकच भांडं, बराच वेळ.


गुरुवार, १३ मार्च

सकाळपासून वर ढोल वाजत होते. बाबा उठायला तयार नव्हते. म्हणाले, “कोण येणार आहे आज? उगाच मला बांधून ठेवू नका खुर्चीत.”

रघू आला. गुरुवार. सुहास आला, खाकी नाही, घरचा शर्ट. मग शिवा आला, कपाळाला गुलाल.

मी म्हटलं, तुला माडाला जायचं होतं ना?

“माड काय पळून जातोय? तोडलेला हाय तो.”

तिघं झाले. मी फाइल घेतली, बाटली घेतली, कुबडी घेतली आणि दारात उभा राहिलो. वर माड उचलल्याची आरोळी ऐकू आली.

शिवाने माझ्या हातातली फाइल काढून आईकडे दिली. म्हणाला, “मागं हो. डावीकडं.”

मी म्हटलं, माझी उंची.

“उतरताना मागचा माणूस वरच्या पायरीवर असतो, येड्या. तिथं बुटकाच लागतो. इतके दिवस उंच माणसं मागं घातली, म्हणून तर काका पुढं घसरायचे. तुला कोणी सांगितलं नाय, कारण तू विचारलं नायस.” त्याने गोणपाटाची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली.

डोली उचलली तेव्हा माझे गुडघे वाकले. बांबू हाडावर बसला. खडे बाजूला करायला पुढे कोणी नव्हतं, आणि मला खाली बघता येत नव्हतं, पायाने पायरी चाचपावी लागत होती. शेजारी सुहास होता. तो हळू आवाजात म्हणत होता, “आता. आता. थांब. आता.” गाडीत बेल देतो तसा.

बाबांना मागचं दिसत नाही. वळणावर त्यांनी विचारलं, “मागं डावीकडं कोण?”

कोणी सांगितलं नाही. मला तर श्वासच नव्हता.

चार-सहा पायऱ्या गेल्यावर म्हणाले, “लागतोय.”

डायलिसिस नीट झालं. परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. रघूने रिक्षा पाखाडीपाशी थांबवली, डोली झाडाला टेकवलेली होती तशीच होती. बाबांनी पायऱ्यांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. खालच्या घरांमधून पालखी निघाली होती, ढोल जवळ जवळ येत होता. त्यांनी उजवा खांदा चोळला.

म्हणाले, “वर नको आता.”

शिवा म्हणाला, “काका, दमलो नाय आमी.”

“तुम्ही नाही दमलात. मी दमलो.” मग सुहासकडे वळले. “खोली आहे का रे अजून?”

सुहास म्हणाला, “चावी आईकडे आहे. पण ती दोन शब्द बोलेल.”

“बोलू दे. तिचे राहिलेत बोलायचे.”

मी म्हटलं, बाबा, पालखी आज घरी येणार, आई वाट बघत असेल. ते म्हणाले, “मग आईला खाली बोलव.”

ग्रुपवर नाही लिहिलं. मीच गेलो, धावत. आई दारात रांगोळी घालत होती. मी सांगितलं. तिने रांगोळी पुरी केली, आरतीचं ताट शेजारच्या काकूंच्या हातात दिलं आणि आत गेली. पिशवी भरून बाहेर आली. बाबांचे कपडे, गोळ्या, तो पडदा आणि स्टीलचे कप. कागदी कपांची उरलेली रास चुलीपाशी ठेवली होती. मी विचारलं नाही.

पालखी पाखाडी चढत होती, आम्ही उतरत होतो. आई बाजूला झाली, हात जोडले. पालखीच्या पुढच्या उजव्या बाजूला गावकीतलं कोणीतरी होतं. उन्मेष मागे होता, गुलालाने भरलेला, हात पालखीच्या दांड्यावर. त्याचा खांदा दांड्यापासून चार बोटं खाली होता. आज मला ते दिसलं.

अंगणात शालनकाकी काय बोलल्या ते सगळं मी लिहीत नाही. आई खाली मान घालून ऐकत होती. मग काकींनी पिंपातलं पाणी काढून आईच्या हातात दिलं आणि उभ्या राहिल्या. आई प्यायली. सगळा पेला प्यायली.

पडदा खिडकीला थोडा लांब होतो. उद्या शिवून घेईन.

संध्याकाळी ग्रुपवर उन्मेषने पालखीचा फोटो टाकला. “काकांसाठी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. सगळं चांगलं होणार.” खाली पुष्कळ अंगठे. मीही एक टाकला.

डावा खांदा सुजला आहे. या कुशीवर झोपता येणार नाही. शिवा म्हणतो, घट्टा पडेपर्यंत दुखतं.

पाणी: दोन पेले. शालनकाकींनी दिलेला अर्धा कप चहा त्यातच धरला आहे.